चीर आणि पंगत

१९१७ साली नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, मिशनचा पगार सोडला आणि ते साताऱ्याला येऊन राहिले. वयाची पंचावन्न वर्षे उलटून गेली होती. बावीस वर्षांपूर्वी, १८९५च्या फेब्रुवारीत, मुंबईला याच मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. अहमदनगरला त्यांनी पाळक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवले, पुढे स्वतः पाळकाची दीक्षा घेतली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन केले. मराठी ख्रिस्ती माणूस रविवारी जी पदे गात होता, त्यांतली कितीतरी टिळकांची होती. असा माणूस घरादारासकट मिशनबाहेर पडतो, स्वतःला संन्यासी म्हणवतो आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडतो. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एका कुटुंबासारखे एकत्र यावे, अशी त्या दरबाराची कल्पना होती.

चर्चच्या इतिहासाला अशा घटनेसाठी एक जुना शब्द ठाऊक आहे. तो ग्रीक आहे आणि नव्या करारातून आलेला आहे: ‘स्खिस्मा’. मराठी बायबलात पौलाच्या पत्रात त्याच्यासाठी ‘फूट’ हा शब्द येतो. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की टिळकांनी साताऱ्यात जे केले ती फूट होती का? आणि नसेल, तर कृष्णेच्या या खोऱ्यात फूट पाडली कोणी, आणि कुठे?

उत्तरासाठी आधी त्या शब्दाकडेच जावे लागते. मराठी ‘फूट’ आणि ग्रीक ‘स्खिस्मा’ यांत एक फरक आहे, आणि तो लक्षात आला की साताऱ्या-सांगलीचा सगळा इतिहास वेगळा दिसू लागतो.

आपण ‘फूट’ म्हणतो तेव्हा मनात मडके असते, भांडे असते. मडके फुटले की फुटले. खापऱ्या गोळा करायच्या आणि उकिरड्यावर टाकायच्या. ‘स्खिझो’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थ मात्र चिरणे, फाडणे असा आहे, आणि ‘स्खिस्मा’ म्हणजे फाटलेली जागा, चीर. हे नाम नव्या करारात आठ वेळा येते. त्यांतल्या दोन ठिकाणी तर ते सरळसरळ कापडाबद्दल आहे. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत येशू सांगतो की जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावत नाही. लावले तर ठिगळ ओढ घेते आणि चीर आणखी वाढते. साताऱ्या-सांगलीकडच्या ज्या बाईने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली आहे, तिला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कोरे कापड धुतल्यावर आटते, जुने आधीच आटलेले असते, म्हणून टाका उसवतो आणि जुने कापड आणखी फाटते.

त्याच धातूचे क्रियापद इतर ठिकाणी फार मोठ्या प्रसंगांना आलेले आहे. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश विदारले जाते आणि त्याच्या मृत्यूच्या क्षणी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो. मार्क या दोन्ही ठिकाणी हेच क्रियापद वापरतो, म्हणजे प्रत्येक फाटणे वाईटच असे त्याला वाटत नाही. योहान ते नकारातून वापरतो. क्रुसाखाली बसलेले शिपाई येशूचा बिनशिवणीचा अंगरखा पाहतात आणि तो फाडायचा नाही असे ठरवून चिठ्ठ्या टाकतात. शेवटच्या अध्यायात १५३ मोठे मासे ओढून आणले तरी जाळे फाटत नाही. योहानाकडे नामही तीनदा येते: येशू कोण यावरून लोकांमध्ये मतभेद झाला, तेव्हा.

उरलेले तीनही वापर पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहेत, आणि पुढे चर्चने ज्या अर्थावर कायदे रचले तो अर्थ इथूनच उचललेला आहे.

करिंथ हे बंदराचे, व्यापाराचे शहर. इ. स. पू. १४६ मध्ये रोमने ते उद्ध्वस्त केले आणि इ. स. पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझरच्या आज्ञेने ते पुन्हा वसले. पौल तिथे इ. स. ५०च्या आगेमागे होता. नंतर काही वर्षांनी, इफिसहून, त्याने हे पत्र लिहिले. ख्लोवेच्या घरच्या माणसांनी त्याला येऊन सांगितले होते की मंडळीत तट पडले आहेत. कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी अपुल्लोसचा, कोणी केफाचा, कोणी ख्रिस्ताचा. पहिल्याच अध्यायात पौल त्यांना विनवतो की तुमच्यात ‘स्खिस्माता’ असू नयेत, तुम्ही पुन्हा नीट जोडले जा. या ‘नीट जोडले जा’साठी त्याने योजलेला शब्द ‘कातार्तिझो’ मला फार महत्त्वाचा वाटतो. गालील समुद्राच्या काठी याकोब आणि योहान नावेत बसून जाळी नीट करत होते, तिथे मार्कने हाच शब्द वापरला आहे. ग्रीक वैद्य निखळलेले हाड बसवण्यासाठी हाच शब्द वापरत. म्हणजे पौलाच्या मनात मडके नाही. जे फाटले ते विणता येते, जे निखळले ते बसवता येते, असे तो धरून चालला आहे.

अकराव्या अध्यायात ‘स्खिस्मा’ हा शब्द पुन्हा येतो, आणि इथे तर पौल गटांबद्दल बोलतच नाही. तो जेवणाबद्दल बोलतो. करिंथची मंडळी कोणा सधन माणसाच्या घरी जमत असे आणि प्रभुभोजन हे तेव्हा खरोखरीचे जेवण होते. ज्यांच्या हाती वेळ आणि पैसा होता ते लवकर येत, आपापले जेवून घेत, पिऊन घेत. मजूर आणि गुलाम काम आटोपून येत, तोवर पात्रे रिकामी झालेली असत. एक भुकेला आणि एक तर्र, असे पौल रागाने लिहितो आणि विचारतो की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का? या प्रकाराला त्याने दिलेले नाव आहे ‘स्खिस्मा’. उपाय म्हणून तो ना सिद्धांत सांगतो, ना कोणाला बहिष्कृत करायला सांगतो. जेवायला एकत्र आलात की एकमेकांसाठी थांबा, एवढेच त्याचे म्हणणे.

मराठीत याला नेमका शब्द आहे आणि तो ‘फूट’ नाही. तो ‘पंक्तिभेद’.

हे मी ओढूनताणून म्हणत नाही. इजिप्तमध्ये सापडलेल्या, इ. स. पू. पहिल्या शतकातल्या एका पपायरसावर झ्यूस हिप्सिस्तोस या देवाच्या उपासक-मंडळाचे नियम आहेत. त्यात सभासदांना ‘स्खिस्माता’ करायला मनाई आहे, आणि त्याच यादीत आणखी एक मनाई आहे: मेजवानीला बसले असता कोणी कोणाच्या कुळाची चौकशी करू नये. ख्रिस्ताच्याही आधी, नाईलच्या काठी, पंगतीत कूळ विचारणे आणि मंडळात चीर पाडणे या दोन गोष्टी एकाच कागदावर जवळजवळ लिहिल्या गेल्या होत्या.

मग ‘स्खिस्मा’चा अर्थ बदलला कसा? ‘हायरेसिस’ हा ग्रीक शब्द मुळात निवडीचा, स्वतः पत्करलेल्या मताचा. प्रेषितांच्या कृत्यांत सदूकी आणि परूशी यांच्या पंथांनाही तोच शब्द आहे, त्यात दोष नाही. पुढे त्याचा अर्थ पाखंड झाला. ‘स्खिस्मा’ची गतही तशीच झाली. इ. स. २५१च्या सुमारास कार्थेजच्या सिप्रियनने चर्चच्या ऐक्यावर लिहिताना तो बिनशिवणीचा अंगरखा पुढे केला आणि बिशपाला सोडून जाणारा तो अंगरखा फाडतो असे सांगितले. तिथून अर्थ वळला. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांना बहिष्कृत केले, १३७८ ते १४१७ या काळात दोन-दोन, तीन-तीन पोप एकाच वेळी राज्य करत होते. या सगळ्यात ‘स्खिस्मा’ म्हणजे बाहेर जाणे आणि तो करणारा म्हणजे बाहेर गेलेला, हे पक्के झाले. पौलाच्या करिंथमध्ये मात्र बाहेर कोणीही गेलेले नव्हते. सगळे एकाच छपराखाली होते. चीर आतच पडली होती.

आता साताऱ्याकडे येऊ.

१८४८ साली छत्रपती शहाजी निपुत्रिक वारले. त्यांनी घेतलेले दत्तकविधान कंपनीने मानले नाही आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. दुसऱ्याच वर्षी, १८४९ मध्ये, अमेरिकन मिशनने साताऱ्यात ठाणे घातले. हे मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरात होते. त्याची पाठराखी अमेरिकन बोर्ड नावाची, बॉस्टनची संस्था. तिथले बहुतेक लोक काँग्रिगेशनल परंपरेचे होते, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा असे मानणारे. बोर्डाचे आणखी एक ठाणे १८५२ साली कोल्हापुरात पडले. तिथे रॉयल वाइल्डर आणि त्यांची पत्नी आले आणि त्यांनी शाळा काढल्या.

पुढची घटना दोन भल्या माणसांच्या मतभेदाची आहे. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले. मिशनऱ्यांनी इंग्रजी शाळांत शक्ती घालवू नये, देशी भाषेत उपदेश करावा, देशी पाळक नेमावेत आणि मंडळ्या स्वतःच्या पायावर उभ्या कराव्यात, असे त्यांचे धोरण होते. वाइल्डरांचा जीव शाळांत होता. १८५७ मध्ये प्रकृतीसाठी ते मायदेशी गेले, तेव्हा बोर्डाने त्यांना परत पाठवले नाही. वाद छापील पुस्तिकांपर्यंत गेला. १८६१ मध्ये वाइल्डर स्वतःच्या जबाबदारीवर, मित्रांच्या मदतीने, पुन्हा कोल्हापुरात येऊन बसले.

त्याच दशकाच्या शेवटी अमेरिकेत एक चीर शिवली गेली. तिथले प्रेस्बिटेरियन चर्च १८३७ साली जुनी शाळा आणि नवी शाळा अशा दोन पक्षांत दुभंगले होते. १८६९ मध्ये पिट्सबर्गला दोन्ही पक्ष पुन्हा एक झाले. नव्या शाळेचे लोक तोवर अमेरिकन बोर्डाबरोबर काम करत होते. ऐक्य झाल्यावर त्यांनी बोर्डातून अंग काढून घेतले आणि आपले बळ प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे नेले. १८७० मध्ये वाइल्डरांचे कोल्हापूरचे कामही प्रेस्बिटेरियन बोर्डाखाली आले. रत्नागिरी आणि पन्हाळ्यापाठोपाठ १८८४ मध्ये सांगलीला त्यांचे ठाणे झाले. १८८९ मध्ये डॉक्टर विल्यम वॉनलेस प्रथम सांगलीत आले आणि नंतर त्यांनी मिरजेत ते रुग्णालय उभारले, ज्याच्यामुळे मिरज हे डॉक्टरांचे गाव म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जाऊ लागले.

महाबळेश्वरला उगमलेली कृष्णा माहुलीला वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला, आणि हरिपुरास वारणेला. एकच नदी, एकच बोली, एकच ज्वारी. साताऱ्याकडच्या काठाला जो ख्रिस्ती झाला तो काँग्रिगेशनल, आणि सांगली-मिरजेच्या काठाला जो झाला तो प्रेस्बिटेरियन. एकाने बॉस्टनच्या पद्धतीने मंडळीची सभा भरवायची, दुसऱ्याने वडिलांचे मंडळ आणि प्रेस्बिटरी चालवायची. आपण कोणत्या पंथाचे हे त्या शेतकऱ्याला, त्या महार-मांग कुटुंबाला कोणी विचारले नव्हते. गाव कोणत्या मिशनच्या हद्दीत आहे यावरून ते ठरत होते. मिशनांनी आपापसात भांडू नये, एकाच्या रानात दुसऱ्याने नांगर घालू नये, म्हणून या हद्दी आखल्या होत्या. हेतू चांगला होता, म्हणून मी त्याला दोष देत नाही. पण करिंथकर ‘मी पौलाचा, मी केफाचा’ असे निदान स्वतः निवडून म्हणत होते. इथे निवडही नव्हती.

आणि ज्या भूमीत हे पेरले गेले, तिला ‘पंथ’ या शब्दाचे भय कधी नव्हते. पंथ म्हणजे वाट. वारकरी, महानुभाव, नाथ, दत्त, रामदासी, सगळ्या वाटाच. साताऱ्यातून सज्जनगड नजरेच्या टप्प्यात आहे. पंथ काढला म्हणून इथे सहसा कोणाला बहिष्कृत केले नाही. बहिष्कार घातला जात होता तो पंगतीवरून. मराठी समाजाचा खरा ‘स्खिस्मा’ रोटीव्यवहारात होता आणि त्याचा न्यायनिवाडा करणाऱ्या प्रकरणाला नावही होते: ग्रामण्य. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला गेली, पुढे चहा-बिस्किटे आली, आणि गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची यादी छापून आणली. त्या कपभर चहावरून शंकराचार्यांच्या आयोगापर्यंत प्रकरण गेले आणि प्रायश्चित्तांची चर्चा वर्षानुवर्षे चालली. त्या खोलीत कोणी धर्म बदलला नव्हता. पेय पोटात गेले की नाही, एवढाच प्रश्न होता.

चर्चच्या आतही हा प्रश्न आला, आणि दक्षिणेत तर फार उग्रपणे. तंजावर भागात जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांत उच्च जातींचे लोक वेगळे बसत, प्रभुभोजनाचा प्याला आधी घेत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हे भेद ताबडतोब टाकून द्या असा हुकूम काढला, तेव्हा शेकडो माणसे चर्च सोडून गेली. चर्चच्या कायद्याने पाहिले तर फुटून गेले ते लोक. पौलाच्या अर्थाने पाहिले तर चीर त्यांनी त्याआधीच, प्याल्याच्या रांगेत, पाडलेली होती. बाहेर जाणे हा तिचा फक्त शेवट होता.

अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये ब्राह्मण आणि महार एकाच मंडळीत आले. मंडळ्यांच्या एकत्रित संघटनेला तिथे ‘ऐक्य’ असेच नाव होते. ‘ऐक्या’ची सभा भरे. पण ऐक्य सभेत मान्य होते आणि स्वयंपाकघरात अडते, हे लक्ष्मीबाई टिळकांइतके प्रामाणिकपणे मराठीत दुसऱ्या कोणी सांगितले नाही. पती ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नगरला परत आल्या तेव्हा त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसते की लक्ष्मीबाईंचे धर्मांतर उपदेशाने झाले नाही. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झगडल्या आणि मग कोणाच्याही हातचे पाणी प्यायला लागल्या. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये झाला. आधी पाणी, मग बाप्तिस्मा, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. करिंथकरांना पौल जे सांगून थकला होता, ते एका कर्मठ घरातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईने स्वतःच्या घशाखाली उतरवले.

याच काळात सातारा जिल्ह्यात एक मुलगा पाण्यासाठी तळमळत होता. सुभेदार रामजींचा भीमराव साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे आणि शिपाई वरून ओतेल तेव्हाच पाणी पिई. १९०१ मध्ये भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर मसूर स्टेशनवरून बैलगाडीने वडिलांकडे जाताना रात्रभर या मुलांना कोणी पाणी दिले नाही. ही गोष्ट त्या भीमरावाने, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी, पुढे स्वतः लिहून ठेवली. टिळक साताऱ्यात आले ते यानंतर सोळा वर्षांनी, आणि गाव फारसे बदललेले नव्हते.

म्हणून ‘देवाचा दरबार’ ही मिशनवर रुसलेल्या एका कवीची लहर होती असे मला वाटत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे टिळक सांगत. विलायती चालींच्या गीतांऐवजी त्यांनी अभंग दिले, भजन दिले, कीर्तन दिले. त्यांना दिसत होते की ख्रिस्तावर जीव जडलेली कितीतरी माणसे बाप्तिस्म्याच्या अलीकडच्या काठावर उभी आहेत. पलीकडे गेले की घर तुटते, पंगत तुटते, गावकी तुटते, आणि वर कोणत्या तरी अमेरिकन पंथाचे नाव चिकटते. ख्रिस्ताकडे येण्याची किंमत म्हणून माणसाने आपल्या माणसांतून उठून जावे, हे टिळकांनी स्वतः सोसले होते. काही वर्षे बायको आणि मुलगा त्यांना दुरावले होते. हा अनुभव त्यांच्या हाडात होता. म्हणून त्यांनी दरबाराचे दार बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांना सारखेच उघडे ठेवले. नवे चर्च काढणे हा त्यामागचा उद्देश नव्हता. काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन यांच्या शेजारी तिसरी पाटी लावून त्यांचे काहीच साधले नसते.

चर्चच्या बाजूने एक खरा आक्षेप घेता येतो आणि तो मी टाळणार नाही. बाप्तिस्मा हीच ख्रिस्ती पंगतीत बसण्याची खूण आहे. ती खूण ऐच्छिक केली, की ज्या महार-मांग माणसांनी ती जाहीरपणे घेतली आणि गावाचा मार खाल्ला, त्यांच्या धैर्याचे काय? उंबऱ्यावर उभे राहणे उच्चवर्णीयाला परवडते. त्याला गमवायला पुष्कळ असते म्हणून आपण त्याच्यासाठी दार रुंद करतो, आणि ज्याने सगळे गमावले तो आत एकटा बसलेला राहतो. टिळकांच्या कल्पनेतली ही कच्ची जागा आहे. ती भरून काढायला त्यांना वेळ मिळाला असता तर त्यांनी काय केले असते, हे त्यांच्या आयुष्याने सांगू दिले नाही. साताऱ्यात त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्या मागे फार टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

तरीही पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला स्पष्ट दिसते. टिळक मिशनबाहेर गेले, पण त्यांनी चीर पाडली नाही. त्यांच्यावर जिवापाड प्रेम करणारा चरित्रकार जॅक विन्स्लो हा अँग्लिकन मिशनरी होता, म्हणजे टिळकांच्या मंडळीबाहेरचा. १९२३ मध्ये त्याचे इंग्रजी चरित्र आले. त्यानेच आश्रमी वळणाचा ख्रिस्तसेवा संघ काढला. हद्दी ओलांडून माणसे टिळकांपाशी येत होती.

मिशनांनी पाडलेली चीर नंतर शिवली गेली. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानचे संयुक्त चर्च झाले. वाइल्डर आणि अँडरसन यांच्या वादापासून अर्ध्या शतकाहून अधिक काळ वेगळे राहिलेले साताऱ्याचे आणि सांगलीचे ख्रिस्ती एका नावाखाली आले. गंमत म्हणजे प्रशासनाच्या रेघा याच्या उलट दिशेने गेल्या: आज सांगलीत असलेले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. जिल्हे दोन होत असताना मंडळ्या एक झालेल्या होत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, त्यात हे संयुक्त चर्चही सामील झाले. अमेरिकन मेथडिस्ट परंपरेचे मोठे चर्च वर्षानुवर्षे बोलण्यांत होते, ते ऐनवेळी मागे राहिले. शिवण घालतानाही एक टाका सुटतोच.

पण दुसरी चीर, पंगतीतली, ती संविधानाने आणि ठरावाने शिवली जात नाही. १९२४ हे साल मला पुन्हा पुन्हा खुणावते ते याच कारणासाठी. त्याच वर्षी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंचे संपूर्ण मराठी बायबल छापून बाहेर पडले. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळावरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी ते केले होते. १९२२ मध्ये त्या वारल्या, पुरे पुस्तक त्यांनी पाहिले नाही. इंग्लंडात असताना ख्रिस्ती पंथांचा गोंधळ पाहून त्या चकित झाल्या होत्या आणि कोणत्याही एका पंथाचे जू मानेवर घ्यायला त्यांनी ठाम नकार दिला होता. ‘स्खिस्मा’ या शब्दापाशी बसून, शेजारी ग्रीक कोश ठेवून, त्याला मराठी प्रतिशब्द शोधणारी पहिली मराठी बाई म्हणून मी त्यांच्याकडे पाहतो.

आणि त्याच १९२४ मध्ये साताऱ्यात भाऊराव पाटलांनी वसतिगृह आणले. ते जैन घरातले, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, आज सांगली जिल्ह्यात. कोल्हापूरला शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर अंघोळ करून मग जेवायला बस असे सांगितले गेले, त्यांनी नाकारले, आणि जैन बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले. पंक्तिभेद कसा दिसतो हे त्यांनी विद्यार्थी असतानाच पाहिले होते. टिळक वारले त्याच १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली होती. साताऱ्याच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन मुले आळीपाळीने स्वयंपाक करत आणि एका ओळीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींनी येऊन त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. हे चर्च नव्हते, तिथे कोणी पौल वाचत नव्हते. पण जेवायला एकत्र आलात की एकमेकांसाठी थांबा, एवढे जे त्याने करिंथला मागितले होते, ते साताऱ्यात रोज दोन वेळा घडत होते.

त्या स्वयंपाकघरात भाऊरावांची पत्नी लक्ष्मीबाई असत. कुंभोजच्या कर्मठ जैन घरातून आलेल्या, सोवळे-ओवळे पाळत वाढलेल्या. सुरुवातीला त्यांनाही हे जड गेले. मग मुले त्यांना वहिनी म्हणू लागली. एकदा वसतिगृहात धान्य संपले, उसने मिळेना, तेव्हा वहिनींनी आधी दागिने आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्र विकायला दिले, आणि त्या दिवशीही सगळी पोरे एकाच ओळीत जेवायला बसली.